भांडाराचा वाटा

पुण्याच्या सप्लायरकडून आलेलं यंदाचं कोटेशन मी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि फोल्डरमध्ये ठेवून दिलं. सर्व्हरच्या मेमरीचा भाव मागच्यापेक्षा इतका वर गेला होता की मला राग यायचाही कंटाळा आला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हा भाव पाच दिवसच राहील. पूर्वी महिनाभर राहायचा. पाच दिवसांत आमच्या खरेदी समितीच्या बैठकीला कोण कोण येणार हेसुद्धा ठरत नाही.

मी बारामतीत राहते आणि इंदापूरच्या बाजूला असलेल्या एका सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून काही फायदाही नाही. लहानपण वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील मशीन शॉपमध्ये होते, त्यामुळे यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. यंत्रासाठी पैसे मागायची मात्र वाटते, आणि माझी अर्धी नोकरी त्यातच गेली.

आमचा सर्व्हर छोट्या फ्रिजएवढा आहे, काळा. मोठ्या बँकांकडे असतात तसा अवाढव्य नाही आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरसारखा किरकोळही नाही. मधल्या धंद्यांसाठी असतो तसला. उसाची नोंद, काट्यावरचं वजन, स्टोअर, पगार, सगळं त्याच्यावर चालतं. त्याची मेमरी म्हणजे काय, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याचं उदाहरण देते. डिस्क म्हणजे कपाट, मेमरी म्हणजे ओटा. ओटा मोठा असला की चार डबे समोर ठेवून काम उरकता येतं. ओटा लहान असला तर एक डबा काढा, तो परत ठेवा, दुसरा काढा. बाई तीच, हात तेच, पण स्वयंपाक होता होत नाही. हे सगळ्यांना पटतं. मग मी किंमत सांगते आणि पटलेलं सगळं पुसलं जातं.

एका सीझनला मी मेमरी वाढवून मागितली तेव्हा खरेदी अधिकाऱ्यांनी बारामतीत भिगवण रोडवरच्या दुकानातून लॅपटॉपच्या मेमरीचा भाव आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, मॅडम, ही बघा, तुमच्या कोटेशनच्या किती तरी खाली. ती ह्या मशीनला बसत नाही, हे मी समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी तेच केलं, मी पुन्हा तेच समजावलं. त्यापेक्षा अवघड भाग दुसराच होता. आमच्या मशीनमध्ये जास्तीची मेमरी बसवलेली होतीच. कंपनीने मशीन पाठवतानाच ती आत घालून पाठवली होती, फक्त कुलूप लावून. पैसे भरले की कंपनी एक कोड देते, तो टाकला की मेमरी जागी होते. म्हणजे कोटेशन वस्तूचं नव्हतंच, कुलूप उघडण्याचं होतं. समितीत शेळगावकडचे एक वयस्कर संचालक होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी हीर आपली, मोटर आपली, पानी बी आपल्याच हिरीत, आन बटन त्येंच्याकडं. हे कसलं इकणं?"

आबांचं बरोबर होतं आणि माझीही गरज खरी होती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

याच्या आधीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कारखान्यात पहिलं मशीन आलं तेव्हा मी नवी होते आणि विभागप्रमुखांच्या बैठकीत सहज बोलून गेले, की मेमरी सगळ्यांच्या कामांमध्ये वाटून द्यावी लागते. सहकारात 'वाटून' म्हटलं की खुर्च्या पुढे सरकतात. तेव्हा मशीन वापरणारे पाच विभाग होते: काटा, शेतकी, अकाउंट्स, स्टोअर आणि ग्राहक भांडार. भांडार म्हणजे सभासदांसाठी गेटजवळ चालवलेलं दुकान. तेल, साबण, वह्या, दिवाळीला कापड. पाचही जणांना सारखा वाटा हवा होता. मी सांगितलं, ज्याला जेवढं काम तेवढी मेमरी द्यावी, आणि मशीन स्वतःच गरजेप्रमाणे इकडची तिकडे करतं. त्यावर शेतकी अधिकाऱ्यांनी विचारलं, म्हणजे आमच्या वाट्यातली आम्हाला न विचारता दुसऱ्याला देणार? पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं बघत मोठी झालेली ही माणसं. आपली पाळी आहे आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात वळलं, ह्याच्याएवढा अन्याय त्यांच्या लेखी दुसरा नव्हता.

विषय संचालक मंडळापर्यंत गेला आणि रीतसर ठराव झाला. पाचही विभागांना समान मेमरी, मंडळाच्या मंजुरीशिवाय त्यात फेरफार नाही. प्रोसिडिंग बुकात सूचक-अनुमोदकांसह तो लिहिला गेला. मी मशीनची आपोआप वाटण्याची सोय बंद केली, पाच कप्पे आखून प्रत्येकाला त्याचा वाटा बांधून दिला आणि त्या पानाच्या प्रिंटवर पाच सह्या घेतल्या. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. पुढे जुनं मशीन जाऊन नवं आलं, तेव्हा जुन्यावरची मांडणी मी जशीच्या तशी उचलून नव्यावर ठेवली. वाटे मोठे झाले, पण पाचच राहिले. ठरावच होता ना.

आता तात्या. उसाने भरलेली वाहनं ज्यावर तोलतात त्या काट्याला आमच्याकडे भरकाटा म्हणतात. तिथले क्लार्क म्हणजे तात्या. मी नोकरीला लागले तेव्हाही तेच होते, नाकावर चष्मा आणि खिशात दोन पेनं. ट्रॅक्टर गेटातून वळला की त्याचा कोड नंबर तात्यांच्या तोंडात असायचा. ड्रायव्हरने पावती पुढे करायच्या आत तो स्क्रीनवर टाकलेला असायचा. रोज शेळगावहून जुन्या मोटरसायकलवर यायचे. ती इतकी पुसलेली असायची की स्टँडवर लावलेल्या शंभर गाड्यांतून ओळखू यावी. पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी कटकट केली, तात्यांनी मात्र आठवडाभर घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून बोटं बसवली होती. हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं होतं. निवृत्ती वर्षभराच्या आत आली होती. शेवटच्या सीझनची शेवटची गाडी तोलून मगच उठायचं, असं ते सगळ्यांना सांगत.

त्यांच्या त्या शेवटच्या सीझनला काटा अडायला लागला. गाळप वाढवलं होतं, वाहनं वाढली होती, त्यात शासनाकडे माहिती पाठवायची नवी कामंही काट्याच्याच वाट्यात आली होती. तात्या कोड टाकायचे, एन्टर दाबायचे, आणि स्क्रीन नुसती बसून राहायची. गेटबाहेर ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. उभ्या बैलांचे हाल व्हायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायचे. काट्याच्या काचेतून बाहेरच्यांना काय दिसायचं? म्हातारा माणूस कीबोर्डवर बोटं धरून गप्प बसलाय.

मी मेमरीचं कोटेशन मागवलं आणि समितीसाठी टिपण लिहिलं. टिपण लिहिताना मशीन आपोआप ठेवतं ती नोंदवही, म्हणजे लॉग, काढून बघितली, तर काट्यावर चुकांचा ढीग दिसला. कोड न टाकताच एन्टर दाबलेलं, दिवसातून कितीतरी वेळा. मला वाटलं, फक्त मेमरीच मागितली तर समिती म्हणेल मॅडमना नेहमीचंच वेड आहे. आपण निःपक्षपाती दिसावं म्हणून मी शेवटी एक ओळ घातली: काही अंशी ऑपरेटरकडून होणाऱ्या चुकीच्या एन्ट्रीमुळेही विलंब होतो. ती ओळ मी अगदी सहज लिहिली. चहा पीत लिहिली असेल.

समितीने बाकीचं टिपण बाजूला ठेवलं आणि ती ओळ उचलली. मशीनला एवढे पैसे घालण्यापेक्षा माणूस बदलणं फुकटात पडत होतं. आमचे कार्यकारी संचालक, ज्यांना सगळे एमडी साहेब म्हणतात, ते मला म्हणाले की तुम्हीच लिहिलंय, आणि वयही झालंय त्यांचं, त्यांनाही आराम पडेल. मी म्हणाले, साहेब, मुख्य कारण मेमरी आहे. ते म्हणाले, आधी हे करून बघू. दोन दिवसांत तात्यांची बदली बारदान गोदामात झाली, रिकामी पोती मोजायला. त्यांच्या जागी टाइम ऑफिसातला एक क्लार्क आला.

तात्या माझ्या केबिनच्या दाराशी आले होते. आत आले नाहीत. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच मला समजावलं, "तुमचं चुकलं न्हाय मॅडम. मला बी कळत हुतं. एन्टर दाबलं का न्हाय, ह्येच उमगंना झालतं. बोटं ऐकंनात." आणि ते गेले.

त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मार्चएंडचं काम होतं, ऑडिटवाले बसले होते, आणि माझ्याच घरी आईच्या गुडघ्याचं दुखणं चाललं होतं. कारणं सगळ्यांकडे असतात, माझ्याकडेही होती.

काट्यावरचा नवा क्लार्क तात्यांहून निम्म्या वयाचा. आठवड्यानंतर मी नोंदवही काढली, तर त्याच्याही तशाच चुका, तेवढ्याच. कोड न टाकता एन्टर. मी काट्यावर जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले आणि बघितलं. तो एन्टर दाबायचा. स्क्रीन हलायची नाही. दाबलं गेलं नसेल असं वाटून तो पुन्हा दाबायचा. मशीन ते दुसरं एन्टर लक्षात ठेवायचं, आणि पुढची कोरी स्क्रीन उघडली की तिच्यावर मारायचं. मग लाल अक्षरात चूक. चुकांमुळे काटा अडत नव्हता, काटा अडायचा म्हणून चुका होत होत्या. मी उलटं लिहून मोकळी झाले होते.

त्याच आठवड्यात साफसफाईसाठी कारखाना एक दिवस बंद होता. अशा दिवशी मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करते. सकाळी अकराची वेळ होती, खोलीत एसीची घरघर आणि मी एकटी. मशीन सुरू होताना एकेका विभागाचं काम उभं करतं आणि त्याचं नाव स्क्रीनवर येतं. काटा सुरू झाला. शेतकी, अकाउंट्स, स्टोअर. मग पाचवी ओळ आली: भांडार सुरू झालं.

भांडार कधीच बंद पडलं होतं. शटरला गंज चढला होता, पाटीवरची अक्षरं गेली होती, आतमध्ये आता जुनी टायरं ठेवतात. मी रोज त्याच्यावरून गाडी घेऊन जाते. आणि मशीन मात्र दर वेळी इमानेइतबारे भांडार उघडत होतं, त्याचा पाचवा हिस्सा बाजूला काढून धरत होतं, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत होतं. ही ओळ मी वर्षानुवर्षं बघत आले होते. सवयीच्या माणसाकडे बघतो तशी बघत होते. कुलपातल्या मेमरीसाठी मी समितीपुढे पदर पसरत होते, आणि उघडी असलेली मेमरी बंद दुकानाला बांधून ठेवली होती ती मीच.

ठराव बदलायला मंडळाची बैठक लागली असती. मी लावली नाही. भांडार काढून टाकलं, त्याचा सगळा वाटा काट्याला दिला, आणि मशीनची आपोआप वाटायची सोय चालू केली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला आणि काटा पळायला लागला. दुपारपर्यंत रांग गेटाच्या आत आली. व्हरांड्यात एमडी साहेब भेटले, खुशीत होते. "बघा मॅडम, माणूस बदलला आणि काटा सुधारला. मी म्हणत नव्हतो?"

मी तिथे गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण बसले. तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी नवं टिपण लिहिलं: विलंबाचं कारण मेमरीची चुकीची वाटणी, ती माझ्याकडून झाली, ऑपरेटरचा काहीही दोष नव्हता, त्यांना मूळ जागी घ्यावं. साहेबांनी ते पूर्ण वाचलं. म्हणाले, आता चाललंय ना सगळं? कशाला उकरून काढता? हे पुढे नेलं तर ठराव न करता वाटणी कशी बदलली, हेही विचारलं जाईल. सीझन संपायला आलाय, त्यांचेही दोन महिने राहिलेत. टिपण त्यांच्या टेबलाच्या खणात गेलं आणि तिथेच राहिलं. पुढच्या बैठकीत मात्र मेमरी न घेता काम भागवून संस्थेची बचत केल्याबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. तोही प्रोसिडिंग बुकात आहे.

त्या बैठकीनंतर संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी बारदान गोदामात गेले. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एका खुर्चीवर तात्या बसले होते. समोर रजिस्टर. मला बघून उठले, झटकून दुसरी खुर्ची पुढे केली. त्यांच्या दोन्ही हातांना कसलं तरी तेल लावलेलं होतं, वास येत होता. मी काही विचारलं नाही तरी त्यांनीच सांगितलं, इंदापूरच्या डॉक्टरांनी नसांचं असेल म्हणून औषध दिलंय, आणि रोज कोमट पाण्यात हात धरायला सांगितलंय.

मग मी सगळं सांगितलं. भांडाराचा वाटा, मशीन कसं थांबायचं, दुसरं एन्टर कुठे जायचं, आणि नव्या क्लार्कच्याही तेवढ्याच होणाऱ्या चुका. ती ओळ मी लिहिली होती, हेही. तात्या मधेच थांबवत नव्हते. ऐकताना त्यांनी हात रजिस्टरवर ठेवले होते आणि त्या हातांकडेच बघत होते.

"म्हंजी बोटं ठीक हुती?" त्यांनी विचारलं.

"ठीक होती तात्या. तुमची बोटं ठीकच होती. चूक माझी होती."

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक बोट अंगठ्याला लावून बघितलं, एकदा, परत एकदा.

मी म्हणाले, मी उद्या पुन्हा साहेबांकडे जाते, तुम्हाला काट्यावर घ्यायला सांगते. त्यांनी मान हलवली, हो अशी की नको अशी ते कळलं नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि रजिस्टर मिटलं. एसटीची वेळ झाली होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की येताना गोदामाच्या दाराशी, तिथल्या झाडाखाली, कुठेच त्यांची गाडी मला दिसली नव्हती.

मी विचारलं, गाडी आणली नाही का आज?

"इकली," तात्या म्हणाले. "सुप्याच्या एकाला दिली. म्हटलं, एन्टर दाबलेलं कळंना, तर ब्रेक कसा कळायचा."

त्यांनी डबा पिशवीत टाकला, दार लावून घेतलं, कडी एका झटक्यात सरकवली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले.